पाण्याचा मीटर नेमके काय मोजतो?

प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची जलवाहिनी ज्या ठिकाणी गावाच्या जलकुंभाकडे वळते, तेथे बहुधा एक सिमेंटचे चेंबर बांधलेले असते आणि त्यात, लोखंडी झाकणाखाली, एक मीटर बसविलेला असतो. त्या मीटरच्या आकड्यावरून ग्रामपंचायतीला पाण्याचे देयक येते. देयक वाढले की पाणीपट्टी वाढवावी लागते, पाणीपट्टी थकली की देयक थकते, आणि देयक थकले की एके दिवशी पुरवठाच बंद होण्याची वेळ येते. इतके सारे ज्या यंत्रावर अवलंबून, ते यंत्र चालते कसे याची चौकशी मात्र ते विकत घेताना क्वचितच होते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गावी जाण्याचा योग आला. पाणी दिवसाआड तासभर येते आणि मीटर मात्र दोन तासांचे दाखवितो, अशी सरपंचबाईंची तक्रार होती. मीटर नवा आहे, त्याला प्रमाणपत्र आहे, असे योजनेच्या शाखा अभियंत्यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्ष आपापल्या जागी प्रामाणिक होते. पाणी सोडण्याच्या वेळी आम्ही सारे चेंबरपाशी उभे राहिलो. वरच्या बाजूची झडप उघडल्याचा दूरध्वनी आला आणि थोड्याच वेळात मीटरचा काटा गरगर फिरू लागला. तेवढ्यात जलकुंभावर चढलेला पाणीपुरवठा कर्मचारी वरून ओरडला, “अजून पाणी न्हाई आलं, नुसती हवा येतीया!”

मीटर खोटे बोलत नव्हता. त्याच्या पोटातील चक्र फिरत होते आणि तो फेरे मोजत होता. ते फेरे पाण्याने होत आहेत की पाण्यापुढे ढकलल्या जाणाऱ्या हवेने, हे ओळखण्याची सोय त्याच्या रचनेत नव्हती. दिवसाआड येणाऱ्या पाण्यासाठी, मधल्या काळात रिकाम्या होणाऱ्या जलवाहिनीवर हा मीटर बसविला गेला, तेव्हाच या तक्रारीचे बीज पेरले गेले होते.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्यामुळे त्या दिवशी अभियंत्यांना बरेच बाळबोध प्रश्न विचारावे लागले. त्यांतून जे उमजले ते असे की, बंद नळातून वाहणारे लिटर थेट मोजणारा मीटर आपल्या योजनांवर सहसा आढळतच नाही. प्रत्येक मीटर दुसरेच काहीतरी मोजतो आणि त्यावरून लिटरचा हिशेब करतो. कोणी चक्राचे फेरे मोजतो, कोणी दाबातील फरक, कोणी विद्युतदाब, तर कोणी ध्वनीला लागणारा वेळ. हा हिशेब काही गृहीत गोष्टींवर चालतो. त्या गोष्टी गावच्या जलवाहिनीत खऱ्या असतील तर आकडा खरा, नाहीतर उत्तम कंपनीचा महागडा मीटरही चुकतो. म्हणून मीटर निवडताना किंमत आणि कंपनी विचारण्याआधी तो काय मोजतो हे विचारावे.

फेरे मोजणारा मीटर

आपल्याकडे सर्वाधिक आढळतो तो पात्यांच्या चक्राचा यांत्रिक मीटर. पाण्याच्या वेगाने चक्र फिरते, दातेरी चाकांची मालिका ते फेरे आकड्यांच्या पट्टीपर्यंत पोहोचविते. जर्मन जलअभियंता राइनहार्ड वोल्टमान यांनी १७९० साली प्रवाहाचा वेग मोजणारे असे चक्र वर्णिले. मोठ्या व्यासाच्या यांत्रिक मीटरना आजही त्यांच्याच नावाने वोल्टमान मीटर म्हणतात. या मीटरला वीज लागत नाही, किंमत आटोक्यात असते, गावातील माणसाला तो वाचता येतो. आडगावच्या योजनेस हे गुण लहान नव्हेत.

त्याच्या उणिवाही त्याच्या रचनेतूनच येतात. चक्र फिरण्यासाठी आधी घर्षणावर मात करावी लागते, त्यामुळे अगदी बारीक धार चक्र न हलविता निघून जाते. घरगुती मीटरसाठी असलेल्या भारतीय मानक ७७९ च्या १९९४ च्या आवृत्तीनुसार, १५ मिलिमीटर व्यासाच्या ‘बी’ वर्गाच्या मीटरचे उत्तरदायित्व ताशी ३० लिटरपासून सुरू होते. तेथून ताशी १२० लिटरपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २ टक्के एवढी चूक मान्य आहे. ताशी ३० लिटरच्या खाली तो काय दाखवील याची हमी कोणीच देत नाही. आता असे पाहा, घराच्या टाकीचा बॉल कॉक अर्धवट बंद राहून ताशी २० लिटर पाणी रोज दहा तास झिरपत राहिले, तर महिन्याला सहा हजार लिटर होतात, आणि ते मीटरवर न उमटण्याची शक्यता असते. ‘मीटर बसविले तरी पाण्याचा हिशेब जुळत नाही’ या तक्रारीचे एक कारण येथे आहे. प्रत्येक वेळी चोरीचाच संशय घेण्याचे कारण नाही.

वाळूमिश्रित पाण्याने चक्राच्या खुंट्या झिजतात, शेवाळाच्या तंतूंनी पाती जड होतात आणि मीटर हळूहळू कमी दाखवू लागतो. म्हणून आधी गाळणी बसवावी लागते आणि ती वेळोवेळी साफ करावी लागते. हवेचा दोष तर आपण वर पाहिलाच.

गळा आवळून घेतलेले माप

दुसरी जात दाबातील फरकावर चालते. वाहत्या पाण्याला अरुंद जागेतून जावे लागले की त्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटलीतील जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी यांनी १७९७ साली याविषयी लिहिले, आणि त्या तत्त्वावर प्रत्यक्ष मीटर बनविला तो अमेरिकेतील क्लेमेन्स हर्शेल यांनी, १८८७ च्या सुमारास. आजही मोठ्या जलवाहिन्यांवर व्हेंच्युरी नळी, तर कारखान्यांत ऑरिफिस प्लेट, म्हणजे मधोमध छिद्र असलेली चकती, वापरतात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दाबातील फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. प्रवाह निम्मा झाला तर फरक एक चतुर्थांश होतो आणि प्रवाह एक दशांश झाला तर फरक एक शतांश उरतो. पूर्ण प्रवाहाला उत्तम चालणारा हा मीटर उन्हाळ्यात उद्भवातील पाणी घटले की चाचपडू लागतो, कारण तेथे मोजण्याजोगा फरकच शिल्लक नसतो. शिवाय चकतीच्या छिद्राची धार तीक्ष्ण असणे हिशेबात गृहीत धरलेले असते. ती झिजून गोलावली तर मीटर कमी दाखवितो आणि बाहेरून कोणाला काही कळत नाही. साखर कारखान्यात वाफ मोजताना आणखी एक अडचण येते. वाफेचा दाब बदलला की तिची घनता बदलते, आणि हिशेबात जुनीच घनता राहिली तर आकडा चुकतो.

कालव्यावर काम करणाऱ्यांना हे तत्त्व निराळ्या रूपात परिचित आहे. मुंबई इलाख्यात काम केलेले अभियंता क्लॉड इंग्लिस यांनी स्टँडिंग वेव्ह फ्लूमवर १९२८ साली तांत्रिक निबंध प्रसिद्ध केला. कालव्याचा गळा आवळून तयार केलेल्या अशा फ्लूममध्ये मोजायची असते ती केवळ पाण्याची उंची. उंचीवरून कोष्टकात पाहून प्रवाह काढतात. सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाविषयीच्या २००५ च्या अधिनियमानंतर पाणीवापर संस्थांना पाणी घनमापाने देण्याचे धोरण आले, त्यामुळे या उंचीच्या पट्टीला महत्त्व आले. पण फ्लूमच्या खालच्या अंगाला गवत वाढून वा गाळ साचून पाणी तुंबले, तर ठरलेल्या मर्यादेपुढे ते कोष्टक लागू पडत नाही. पट्टी तीच, उंची खरी, आणि तरीही प्रवाह चुकीचा, असे होते.

विद्युतचुंबकीय आणि श्राव्यातीत

चुंबकीय क्षेत्रातून विद्युतवाहक हलला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. नदीचे पाणीही वाहकच आहे आणि पृथ्वी हे चुंबक आहे, मग वाहत्या नदीत विद्युतदाब मिळावयास हवा, असा विचार करून त्यांनी १८३२ च्या जानेवारीत लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. प्रयोग सफल झाला नाही, पण कल्पना बरोबर होती. विद्युतचुंबकीय मीटर नेमके हेच करतो. नळाभोवतीची कुंडले चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि नळाच्या आतील भिंतीला लावलेली दोन टोके पाण्यातील विद्युतदाब टिपतात. आत फिरणारा भाग नाही, अडथळा नाही, वाळूने झिजणारे चक्र नाही.

म्हणून अलीकडे सर्वत्र याच मीटरची शिफारस होते, आणि ती पुष्कळदा योग्यही असते. परंतु याच्याही अटी आहेत. द्रव विद्युतवाहक असला पाहिजे. पिण्याच्या पाण्याला ही अडचण नाही, पण डिझेल, तेल किंवा कारखान्याच्या बॉयलरसाठी क्षार काढून घेतलेले पाणी याने मोजता येत नाही. नळ पूर्ण भरलेला असला पाहिजे, कारण मीटर फक्त वेग ओळखतो आणि त्याला संपूर्ण छेदाच्या क्षेत्रफळाने गुणतो. नळ अर्धा भरून वाहत असेल तरी तो पूर्णच समजणार. आणि तिसरी अट आपल्या गावांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मोजायचा विद्युतदाब अत्यंत सूक्ष्म असल्यामुळे मीटर आणि पाणी यांचे अर्थिंग चोख असावे लागते. लोखंडी नळ हे काम आपोआप करतो. आपल्या गावांतील जलवाहिन्या बहुतांशी पीव्हीसी किंवा एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकच्या. त्यांत मीटरच्या दोन्ही अंगांना धातूची अर्थिंग कडी घालावी लागतात. अंदाजपत्रकात ही कडी नसतील तर ठेकेदार ती आपण होऊन घालीलच असे नाही, आणि मग पंप सुरू होताच आकडे नाचू लागतात.

अल्ट्रासॉनिक म्हणजे श्राव्यातीत ध्वनीवर चालणाऱ्या मीटरची युक्ती नावाड्यालाही समजेल. प्रवाहाबरोबर जाताना वेळ कमी लागतो, प्रवाहाविरुद्ध येताना जास्त. ध्वनिलहर दोन्ही दिशांना पाठवून वेळेतील फरकावरून वेग काढतात. हा फरक किती सूक्ष्म असतो पाहा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो. मार्ग २० सेंटिमीटरचा आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर दोन्ही वेळांतील फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. आजची इलेक्ट्रॉनिक साधने तो बिनचूक टिपतात, मात्र पाण्यात हवेचे बुडबुडे असले तर लहर मध्येच विखुरते.

नळाला बाहेरून पट्ट्याने बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर तपासणी पथकांना फार सोयीचा वाटतो, कारण नळ कापावा लागत नाही. पण नळाचा आतील व्यास किती हे त्याला आपणच सांगायचे असते. जुन्या बिडाच्या नळात गंज व क्षारांचा थर साचून १०० मिलिमीटरचा व्यास ९५ मिलिमीटर उरला असेल आणि आपण १०० सांगितला, तर क्षेत्रफळात सुमारे १० टक्क्यांची तफावत पडते. वेग अचूक, आकडा चूक.

व्यासाचा मोह

निविदांमध्ये ‘१५० मि.मी. व्यासाचा जलमापक, नग १’ एवढीच ओळ असल्याचे अनेकदा दिसते. या ओळीने आपण व्यास विकत घेतो, मोजमाप नव्हे. जलवाहिनीचा व्यास पुढील तीस वर्षांची लोकसंख्या धरून ठरविलेला असतो. मीटरला मात्र आजचे पाणी मोजायचे आहे.

तीन हजार लोकवस्तीचे गाव घ्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर १,६५,००० लिटर होतात. ते आठ तासांत घ्यायचे असतील तर प्रवाह ताशी सुमारे २०.६ घनमीटर येतो. १०० मिलिमीटरच्या मीटरमधून हे पाणी सेकंदाला ७३ सेंटिमीटर वेगाने जाईल, १५० च्या मीटरमधून ३२, आणि ‘पुढेमागे लागेल’ म्हणून २०० चा बसविला तर जेमतेम १८ सेंटिमीटर. वेग जितका कमी, तितका मीटर आपल्या क्षमतेच्या तळाशी काम करतो आणि तितकी चुकीची शक्यता वाढते. मोठ्या जलवाहिनीवर लहान व्यासाचा मीटर, दोन्ही बाजूंना निमुळते जोड देऊन, बसविता येतो. त्याने दाब किती घटेल एवढे अभियंत्यांकडून तपासून घ्यावे, विशेषतः पाणी केवळ उताराने येत असेल तेथे. मोठा मीटर घेतला म्हणजे पैशाचे चीज झाले, ही समजूत मात्र सोडावी लागेल.

तीच गोष्ट अचूकतेच्या टक्केवारीची. ‘अचूकता १ टक्का’ असे लिहिलेले असते, पण तो टक्का कशाचा? मीटरची कमाल क्षमता ताशी १०० घनमीटर असेल आणि टक्का त्या कमाल क्षमतेचा असेल, तर चूक ताशी १ घनमीटरपर्यंत जाऊ शकते. आपला प्रवाह २० घनमीटर, म्हणजे आपल्या वाट्याला ५ टक्के चूक आली. टक्का प्रत्यक्ष वाचनाचा असेल तर ती चूक ०.२ घनमीटरच. पंपगृहातील दाबमापकालाही हाच न्याय लागतो. १० किलोपर्यंतच्या दाबमापकावर १ किलो दाब वाचायचा, आणि टक्का पूर्ण मापाचा, तर चूक दहा टक्के. दरपत्रके तपासताना हा एक शब्द विचारून घेण्यास काही खर्च येत नाही.

जागा

चांगला मीटर वाईट जागी बसविला तर तो वाईटच. वळणातून किंवा अर्धवट उघड्या झडपेतून बाहेर पडलेले पाणी भोवऱ्यासारखे फिरत असते आणि मीटरने धरलेला सरळ, संथ प्रवाह तेथे नसतो. म्हणून मीटरच्या आधी व नंतर सरळ नळ ठेवतात. किती ठेवायचा हे मीटरच्या जातीवर आणि उत्पादकाच्या सूचनेवर अवलंबून आहे. आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट, हा व्यवहारातील एक ठोकताळा आहे. १०० मिलिमीटरला आधी एक मीटर आणि नंतर अर्धा मीटर. पण चेंबर आधी बांधले जाते, मीटर नंतर येतो, आणि तीन फुटांच्या चेंबरमध्ये झडप, वळण व मीटर खेटून बसविले जातात. मीटरची जात ठरल्याखेरीज चेंबरचा आराखडा करू नये, एवढे पंचायतीने आग्रहाने सांगावे.

हवेवरील उपाय बहुतांशी जागेतच आहे. मीटर जलवाहिनीच्या खोलगट भागात असावा, म्हणजे पुरवठा बंद असतानाही तो पाण्याने भरलेला राहील, आणि त्याच्या वरच्या अंगाला उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह असावा, म्हणजे हवा मीटरपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाईल. वर सांगितलेल्या गावी मीटर नेमका चढावाच्या माथ्यावर होता. रस्त्यालगत, वाचनाला सोपा म्हणून!

अलीकडे मीटरचे आकडे दूरसंदेशाने थेट जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा भ्रमणध्वनीवर दिसण्याची व्यवस्था अनेक योजनांमध्ये होत आहे. वाचनासाठीचा हेलपाटा त्याने वाचतो. हवेने फिरलेल्या चक्राचे फेरेही तितक्याच तत्परतेने तेथे पोहोचतात.

जलकुंभाची साक्ष

मीटर खरेदी करताना कॅलिब्रेशनचे, म्हणजे ज्ञात मापाशी ताडून पाहिल्याचे प्रमाणपत्र घ्यावेच. केरळमधील पालक्काड येथे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांत अशी तपासणी होते. परंतु ते प्रमाणपत्र प्रयोगशाळेतील भरलेल्या, सरळ नळाचे असते. गावातल्या नळाची तपासणी गावातच करावी लागते आणि तिचे साधन प्रत्येक गावात उभे आहे.

समजा, जलकुंभ गोल असून त्याचा आतील व्यास ६ मीटर आहे. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर चढले की सुमारे २८३ लिटर आले. गावाकडे जाणारी झडप पूर्ण बंद करावी, मीटरचे वाचन आणि पाण्याची पातळी एकाच वेळी टिपावी, तासभर पाणी येऊ द्यावे आणि पुन्हा दोन्ही टिपावे. ताशी २०.६ घनमीटर येत असेल तर पातळी सुमारे ७३ सेंटिमीटर चढली पाहिजे. पातळी वाचताना एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर दीड टक्क्याच्या आतबाहेरचा फरक पडतो. म्हणून या रीतीने दोन टक्क्यांचा वाद मिटणार नाही, पण दहा टक्क्यांचा दोष लपणार नाही. कुंभाच्या आत खांब असतील तर त्यांचे क्षेत्रफळ वजा करावे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकविताना शिक्षकांना याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. मात्र पातळीची नोंद कुंभावरील कर्मचाऱ्याने घ्यावी, मुलांनी खालीच थांबून गणित करावे.

त्या गावी ही पडताळणी करण्याचे ठरले तेव्हा गावाकडे जाणारी झडपच नीट बंद होत नाही असे आढळले, आणि तिची दुरुस्ती होण्यात आठवडा गेला. त्यानंतर पाणी सुटल्याच्या क्षणापासून एकदा आणि हवा संपून पाण्याची धार लागल्यावर एकदा, असे दोन वेळा माप घेतले. दुसऱ्या मापात मीटर आणि जलकुंभ जवळजवळ जुळले, पहिल्यात जुळले नाहीत. शाखा अभियंत्यांनी दोन्ही मापे नोंदवहीत उतरवून घेतली, सरपंचबाईंनी खाली सही केली, आणि एअर व्हॉल्व्ह बसवून मीटर खालच्या अंगाला हलविण्याचे अंदाजपत्रक त्याच आठवड्यात तयार झाले.